आई-बाबांसह डोंगरमाथ्यावर मुक्काम : व्हाइट माउंटन रोडविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे कॅलिफोर्नियातील वाचकांची असून ती एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. त्यामुळे या अंकातील सदर त्या एका विषयालाच दिले आहे.

प्रश्न : आम्ही फ्रिमाँटला राहतो. पुण्याहून माझे आई-वडील सहा महिन्यांसाठी आले आहेत. वडील ६९ वर्षांचे असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आईचे गुडघे दुखतात, पण तिला बेताने चालता येते. मुलगा नऊ वर्षांचा आहे. गर्दीची राष्ट्रीय उद्याने पाहून झाली. आता ट्रेक न करता गाडीनेच डोंगरमाथ्यावर पोहोचता येईल आणि तेथे तंबूत एक-दोन रात्री राहता येईल, असा सोपा आणि निसर्गरम्य रस्ता सुचवावा. आमची एसयूव्ही साधी आहे, फोर व्हील ड्राइव्ह नाही.
— एक वाचक, फ्रिमाँट

उत्तर : आपल्या सगळ्या अटी पुरवणारा एक रस्ता लगेच डोळ्यांसमोर येतो, तो म्हणजे सिएरा नेवाडाच्या पूर्वेला, ओवेन्स व्हॅलीच्या पलीकडे उभ्या असलेल्या व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेच्या माथ्यावरून जाणारा व्हाइट माउंटन रोड. हायवे ३९५ वरील बिग पाइन या छोट्या गावातून हायवे १६८ ने पूर्वेकडे सुमारे १३ मैल गेले, की वेस्टगार्ड खिंडीजवळ डावीकडे हा रस्ता फुटतो. या रस्त्यावर शुलमन ग्रोव्ह आणि पेट्रिआर्क ग्रोव्ह या प्राचीन पाइन वृक्षांच्या दोन राया आहेत. तेथून शुलमन ग्रोव्हपर्यंतचे सुमारे १० मैल डांबरी आहेत, आणि त्यापुढचे पेट्रिआर्क ग्रोव्हपर्यंतचे १२ मैल मातीचे व खडीचे आहेत. हायवे १६८ वर एके ठिकाणी रस्ता खडकांच्या मधून एकेरी होतो. तेथे समोरून कोणी येत नाही ना, हे पाहून पुढे व्हावे. एरवी घाट रुंद आहे, वळणे समंजस आहेत, आणि डांबरी भागात आपल्या गाडीला काहीही अवघड जाणार नाही. कच्चा भागही कोरड्या हवेत साध्या गाडीने पार होतो, मात्र तेथे घाई चालत नाही. रस्त्यावर आडव्या बारीक लाटा पडलेल्या असतात आणि अधूनमधून धारदार दगड वर आलेले असतात, त्यामुळे त्या १२ मैलांना पाऊण ते एक तास लागतो असे धरून चालावे.

या रस्त्यावरचा नेहमीचा अपघात म्हणजे टायर फाटणे. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत सुटे चाक दिलेलेच नसते, त्याऐवजी छिद्र बुजवण्याचे रसायन आणि एक छोटा पंप असतो. टायरची बाजूची भिंत दगडाने कापली गेली, तर त्या रसायनाचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून निघण्यापूर्वी गाडीच्या मागच्या बाजूची फळी उचलून प्रत्यक्ष पाहावे. सुटे चाक नसेल, तर माझ्या मते शुलमन ग्रोव्हला गाडी वळवावी. तोवर जे दिसते तेही पोटभर आहे. गाडी भाड्याने घेणार असाल, तर करार आधी वाचावा, कारण बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते आणि तेथे झालेल्या नुकसानीला विमा लागू होत नाही. वर मोबाइलला रेंज मिळेल, या भरवशावर काहीही ठरवू नये.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हा रस्ता गाडीला सोपा आहे, आणि नेमके याच कारणाने तो माणसाला फसवतो. बिग पाइन हे पायथ्याचे गावच सुमारे ४,००० फुटांवर, म्हणजे जवळजवळ सिंहगडाच्या माथ्याइतक्या उंचीवर आहे. ग्रँडव्ह्यू हे तळ ठोकण्याचे ठिकाण ८,६०० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही ३,००० फुटांहून अधिक वर. शुलमन ग्रोव्ह १०,००० फुटांच्या पलीकडे, तर पेट्रिआर्क ग्रोव्ह ११,००० फुटांच्याही वर आहे. पायी चढणाऱ्याला एवढी उंची गाठायला दोन-तीन दिवस लागले असते आणि तेवढ्यात शरीराने आपली व्यवस्था लावून घेतली असती. आपण मात्र गाडीत बसून, गाणी ऐकत, दोन तासांत तेथे पोहोचतो. समुद्रसपाटीवरच्या फ्रिमाँटहून निघून त्याच दिवशी ग्रँडव्ह्यूला झोपणे, हे आपल्या वडिलांच्या बाबतीत मी टाळेन.

विरळ हवेचा त्रास साधारण ८,००० फुटांपासून जाणवू लागतो. डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना जाणे, अकारण थकवा येणे आणि झोप तुटक होणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि ती पोहोचताक्षणी न दिसता काही तासांनी, बहुधा पहिल्या रात्री दिसतात. आपल्याकडे अशा वेळी ‘प्रवासाने पित्त झाले असेल’ असे म्हणून आल्याचा चहा दिला जातो आणि माणसाला झोपवले जाते. येथे तसे करू नये. उंचीवर डोके दुखू लागले आणि सोबत मळमळ असली, तर दुसरे काही कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा, आणखी वर चढू नये, आणि तासा-दोन तासांत बरे वाटले नाही तर खाली उतरावे. विसाव्यालाही धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल, किंवा बोलण्यात गोंधळ दिसत असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच उतरावे. या रस्त्याची जमेची बाजू हीच आहे, की गाडी तंबूशेजारी उभी असते आणि तासाभरात माणूस ४,००० फुटांवर आणता येतो. सर्वांत जवळचे रुग्णालय बिशप गावात आहे. रक्तदाब उंचीवर पहिल्या दिवसांत थोडा वाढू शकतो, म्हणून वडिलांच्या डॉक्टरांना नेमकी उंची सांगून विचारावे. हृदयविकार, फुप्फुसांचा जुना आजार किंवा रक्तक्षय असेल, तर हे विचारणे अनिवार्यच समजावे. पाहुण्यांसाठी घेतलेल्या विम्यात आधीपासूनच्या आजारांना अनेकदा संरक्षण नसते, तेही तपासून घ्यावे.

त्यामुळे कार्यक्रम असा आखावा : पहिल्या दिवशी सिएरा नेवाडा ओलांडणाऱ्या टायोगा खिंडीतून हायवे ३९५ वर उतरून बिशपला किंवा बिग पाइनला साध्या खोलीत मुक्काम करावा. टायोगा खिंड ९,९४३ फुटांवर असली तरी ती ओलांडून आपण पुन्हा खाली येतो, आणि शरीराला महत्त्व असते ते झोपण्याच्या उंचीचे. दुसऱ्या दिवशी सावकाश ग्रँडव्ह्यूला जावे, दुपारपूर्वी पोहोचावे, कारण तेथे जागा आधी राखून ठेवता येत नाही. जो आधी येईल त्याला ती मिळते. त्या दिवशी आणखी वर जाण्याचा मोह आवरावा. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची डोकी शांत असतील, तर शुलमन ग्रोव्ह आणि नंतर पेट्रिआर्क ग्रोव्ह पाहून झोपायला पुन्हा ग्रँडव्ह्यूला यावे.

ग्रँडव्ह्यूविषयी थोडे खुलेपणाने सांगितले पाहिजे. नाव भव्य दृश्याचे असले तरी तंबूच्या दारातून हिमशिखरे दिसतील, अशी अपेक्षा ठेवू नये. ही जागा पिन्यन पाइन आणि ज्युनिपरच्या बुटक्या झाडांत आहे, आणि मला विचाराल तर तेच तिचे भाग्य आहे, कारण उघड्या कड्यावर रात्रभर वाऱ्याने तंबू फडफडत राहिला, की ज्येष्ठांची झोप होत नाही. (या पिन्यनच्या बिया चिलगोज्यांसारख्या खाल्ल्या जातात, ओवेन्स व्हॅलीतील पायूट लोकांच्या आहारात त्यांना मोठे स्थान होते.) दृश्य पाहायचे ते थोडे वर असलेल्या सिएरा व्ह्यू या सज्जावरून. बहुतेक लोक तेथे सूर्यास्ताला जातात, पण सूर्य सिएराच्या मागे मावळत असल्यामुळे तेव्हा शिखरे नुसती काळी दिसतात. सकाळी मात्र ऊन आपल्या पाठीमागून येऊन समोरच्या पॅलिसेड शिखरांच्या पूर्व अंगावर पडते, आणि मधली ओवेन्स व्हॅली तळापासून माथ्यापर्यंत जवळजवळ १०,००० फूट खोल आहे, हे तेव्हाच खऱ्या अर्थाने कळते. आईंना येथे गाडीतून उतरून फारसे चालावे लागत नाही.

ग्रँडव्ह्यूला पाणी नाही. मलविसर्जनासाठी कोरडी शौचालये आहेत. पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि भांड्यांसाठी मिळून माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी खालूनच भरून न्यावे, आणि गाडीत थोडे जादा ठेवावे. स्वयंपाकाचे म्हणाल, तर ८,६०० फुटांवर पाणी सुमारे ९१ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासभर शिजवली तरी कणी राहते. म्हणून छोटा कुकर अवश्य न्यावा आणि घरच्यापेक्षा एखाद-दुसरी शिट्टी जास्त करावी. ज्यांना कुकर नेणे जड वाटते, त्यांनी पिठले, उपमा, थालीपीठ असे बेत करावेत. रात्रीच्या जेवणात तळकट पदार्थ मात्र ठेवू नयेत, कारण पहिल्या रात्री पोट तसेही नाराज असते. उन्हाळ्यात जंगलखात्याचे आग लावण्यासंबंधीचे निर्बंध वरचेवर बदलतात, म्हणून शेकोटीचा बेत त्या आठवड्याची सूचना पाहूनच करावा.

प्रश्न : आमच्याकडे विजेवर चालणारी गाडी आहे. चढावर बॅटरी किती संपेल? मध्येच अडकण्याची भीती वाटते.
— एक वाचक, सॅन होजे

उत्तर : ही भीती हिशेबाने घालवता येते. बिग पाइनहून पेट्रिआर्क ग्रोव्हपर्यंतची चढाई सुमारे ७,३०० फुटांची, म्हणजे अंदाजे २,२०० मीटरची आहे. माणसे व सामान धरून २,००० किलो वजनाची गाडी एवढी उंच उचलायला साधारण १२ युनिट वीज लागते, आणि मोटारीतील गळती धरली तर १३-१४. यात ३५ मैल नुसते पळण्याची वीज वेगळी मिळवावी. ती गाडीप्रमाणे १० युनिटांच्या आसपास भरेल. म्हणजे वर पोहोचेपर्यंत २५ युनिटांच्या आत-बाहेर खर्च होतो. उतरताना चढाईत गेलेल्या विजेचा बराच भाग परत बॅटरीत जमा होतो, आणि शिवाय ब्रेक तापत नाहीत, हा मोठाच फायदा आहे. तेव्हा ६०-७० युनिटांची बॅटरी बिशपला चार्ज करून निघालात, तर काळजीचे कारण उरत नाही. मात्र रात्री गाडीतच हीटर लावून झोपण्याचा विचार असेल, तर तो खर्च आधी वेगळा काढून ठेवावा. जुन्या, कमी क्षमतेच्या बॅटरीची गाडी ग्रँडव्ह्यूपुरतीच न्यावी.

पेट्रोलच्या गाडीवाल्यांसाठी याच ओघात सांगतो, की बिग पाइननंतर वर कोठेही पंप नाही. जाऊन-येऊन ७० मैलांचा हा प्रवास बऱ्याचशा भागात खालच्या गिअरमध्ये होतो, त्यामुळे टाकी भरूनच चढावे आणि उतरताना गाडी गिअरवर धरावी.

प्रश्न : शुलमन ग्रोव्हच्या झाडांमध्येच तंबू लावू देत नाहीत असे कळले. एवढे मोठे जंगल असताना हा नियम का? आणि तेथे पडलेला लाकडाचा एखादा वाळका तुकडा आठवण म्हणून आणला, तर त्यात गैर काय?
— एक वाचक, सॅक्रामेंटो

उत्तर : गैर आहे, आणि त्याचे कारण फार रंजक आहे. ही झाडे ब्रिसलकोन पाइनची आहेत, आणि त्यांतील काही चार हजारांहून अधिक वर्षांची आहेत. ॲरिझोना विद्यापीठातील वृक्षवलय-अभ्यासक एडमंड शुलमन यांनी १९५० च्या दशकात येथे कामाला सुरुवात केली. खोड न तोडता, पेन्सिलीएवढा बारीक गाभा काढून ते वलये मोजत. १९५७ मध्ये त्यांना जे झाड सापडले, त्याचे वय ४,७०० वर्षांच्या पुढे निघाले. त्याला मेथुसेलाह हे बायबलमधील दीर्घायुषी पुरुषाचे नाव देण्यात आले. पुढच्याच वर्षाच्या जानेवारीत शुलमन वारले, तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. मेथुसेलाह नेमके कोणते, हे जंगलखाते सांगत नाही, आणि मला ते योग्यच वाटते. तेथे पाटी असती, तर आज त्याच्या सालीवर किती जणांची नावे कोरलेली असती, याची कल्पना आपल्या किल्ल्यांवरचे दगड पाहिलेल्या माणसाला सहज करता येईल.

एवढे वय या झाडांना सुपीक जमिनीने दिलेले नाही. ती डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकाच्या पांढुरक्या, अल्कधर्मी जमिनीवर वाढतात. तेथे इतर झाडे-झुडपे फारशी टिकत नाहीत, त्यामुळे स्पर्धा नाही, आणि दोन झाडांमध्ये मोकळी जागा असल्यामुळे वणवा पसरत नाही. वाढ इतकी मंद, की खोडाचा घेर एका शतकात नावापुरता वाढतो, आणि त्यामुळे लाकूड दाट, राळेने भरलेले व न कुजणारे होते. आपण ज्याला ‘वाळका तुकडा’ म्हणता, तो हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या झाडाचा असू शकतो. जिवंत झाडांची आतली वलये आणि अशा मृत लाकडांची बाहेरची वलये एकमेकांशी जुळवत संशोधकांनी आठ हजारांहून अधिक वर्षांची अखंड साखळी तयार केली. प्रत्येक वलयाचे वर्ष ठाऊक असल्यामुळे त्यातील कार्बन-१४ मोजून रेडिओकार्बन कालमापनाची, म्हणजे उरलेल्या कार्बन-१४ वरून वस्तूचे वय काढण्याची पद्धतच तपासता आली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस असे दिसून आले, की प्राचीन वस्तूंचे वय त्या पद्धतीने प्रत्यक्षापेक्षा कित्येक शतकांनी कमी निघत होते. पश्चिम युरोपातील पाषाणस्मारकांच्या कालगणनेत मोठी दुरुस्ती झाली, ती या डोंगरावरच्या लाकडामुळे. जमिनीवरचा तुकडा खिशात गेला, की त्या साखळीतील एखादा दुवा कोणाच्या तरी शोकेसमध्ये जाऊन बसतो. झाडांची मुळे उथळ असतात आणि ती तंबू व गाड्यांच्या वर्दळीखाली उघडी पडतात. म्हणून मुक्कामही या राखीव क्षेत्राबाहेरच करायचा. त्याबाहेरच्या इन्यो नॅशनल फॉरेस्टमध्ये मोकळ्यावर तळ ठोकता येतो, पण राखीव क्षेत्राची सीमा जमिनीवर आखलेली नसते, त्यामुळे बिशपच्या रेंजर कार्यालयातून नकाशा घ्यावा. प्रथमच जाणाऱ्यांनी ग्रँडव्ह्यूलाच राहावे, असे माझे मत आहे.

झाडे जवळून पाहण्यासाठी शुलमन ग्रोव्हला सुमारे एक मैलाची डिस्कव्हरी ट्रेल पुरेशी आहे. साडेचार मैलांची मेथुसेलाह ट्रेल १०,००० फुटांवर वाटते त्यापेक्षा कितीतरी लांब होते. गुडघे दुखणाऱ्यांनी पेट्रिआर्क ग्रोव्हची आखूड वाट घ्यावी. तेथील पेट्रिआर्क हा वृक्ष ज्ञात ब्रिसलकोन पाइनांत सर्वांत जाड खोडाचा समजला जातो, आणि आजूबाजूचा उजाड पांढरा उतार तर पृथ्वीवरचा वाटतच नाही.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे? मुलांना आकाशगंगा दाखवायची आहे.
— एक वाचक, आर्व्हाइन

उत्तर : पेट्रिआर्क ग्रोव्हपर्यंतचा रस्ता बर्फ वितळल्यावर, साधारणपणे जूनमध्ये खुला होतो आणि पहिल्या मोठ्या हिमवर्षावापर्यंत चालू राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी अनेकदा ढग जमून विजा कोसळतात, आणि उघड्या माथ्यावर आपणच सर्वांत उंच असतो. त्या महिन्यांत वरचा फेरफटका दुपारी बाराच्या आत आटोपून खाली यावे. सप्टेंबर मला सर्वांत उत्तम वाटतो : हवा स्थिर, गर्दी कमी, रस्ता कोरडा. रात्री मात्र तेव्हा थंडी शून्याच्या आसपास उतरू शकते, त्यामुळे शाल आणि स्वेटरवर भागवू नये. त्या तापमानाला पुरतील अशा झोपण्याच्या पिशव्या आणि अंगाखाली जाड चटई हवी, कारण थंडी वरून लागते त्यापेक्षा जमिनीतून अधिक लागते.

आकाशासाठी तारीख पंचांग पाहूनच ठरवावी. अमावास्येच्या आधीचे चार-पाच दिवस आणि नंतरचे दोन-तीन दिवस संध्याकाळचे आकाश काळे मिळते. ग्रँडव्ह्यूला हौशी खगोलनिरीक्षक दुर्बिणी घेऊन येतात, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, तर ती मोडायला गाडीच्या दिव्यांचा एक झोत पुरतो. म्हणून उजेड असतानाच पोहोचावे, दरवाजा उघडल्यावर लागणारे गाडीतले दिवे बंद करून ठेवावेत, आणि मुलांच्या विजेऱ्यांवर लाल कागद चिकटवावा. विनंती केली, तर शेजारचा एखादा निरीक्षक मुलांना शनीची कडी आनंदाने दाखवतो.

प्रश्न : बिशपहून थेट वर जाणारा सिल्व्हर कॅन्यन रोड फोनवरच्या नकाशात जवळचा दिसतो. तो घ्यावा का?
— एक वाचक, फ्रेझ्नो

उत्तर : घेऊ नये. लॉज (Laws) या गावाजवळून निघणारा तो रस्ता अंतराने कमी असला तरी ओढा पुन्हापुन्हा ओलांडत जातो आणि शेवटी अत्यंत तीव्र चढाने माथ्यावर येतो. तो फोर व्हील ड्राइव्हचा आणि सरावलेल्या चालकाचा रस्ता आहे. उतरताना तर त्याहून वाईट, कारण ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. फोनने काहीही सांगितले तरी बिग पाइन आणि हायवे १६८ हाच मार्ग धरावा, आणि खाली रेंज असतानाच नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा.